मुजीब आणि वापरात नसलेला भाग

मुजीब गेल्याचं मला कळलं तेव्हा मी बोलत होते, आणि कळल्यानंतरही बोलतच राहिले. हे आधीच सांगून टाकते, कारण ते लपवलं तर पुढचं काही लिहिता येणार नाही. पुण्यातल्या आमच्या ऑफिसात, इथल्या आणि अमेरिकेतल्या साहेबांसमोर मी पडद्यावर तक्ते दाखवत होते. नव्या एआय साधनामुळे वर्षभरात केवढं काम किती कमी माणसांत होऊ लागलं, त्याचे तक्ते. टेबलावरचा फोन थरथरला. मुजीबच्या हाताखाली काम केलेल्या अश्विनीचा मेसेज होता: ‘मॅडम, मुजीबसर गेले. आत्ता सकाळी. हार्ट अटॅक.’ मी तो वाचला, फोन पालथा ठेवला आणि पुढच्या तक्त्याकडे वळले. त्यात एक ओळ होती, ‘परतूर केंद्र : बंद’. तिच्यापुढे हिरवी खूण होती, कारण आमच्याकडे बचतीचा रंग हिरवा असतो. मी ती ओळ वाचून दाखवली. कुणी काही विचारलं नाही. वीस मिनिटांनी मीटिंग संपली, दोघातिघांनी छान झालं म्हणून सांगितलं, आणि मग मी जिन्यात जाऊन बसले… रडायला नव्हे. संताप आला होता, आणि तो काढायचा कुणावर हे समजत नव्हतं. आज सहा आठवडे उलटून गेले, अजूनही समजलेलं नाही.

मुजीब शेख माझा अकरावीपासूनचा मित्र. मी जालना जिल्ह्यातल्या कुंभार पिंपळगावची, पोस्टमास्तरांची मुलगी. आमच्याकडे सायन्स नव्हतं म्हणून रोज पहिल्या बसनं परतूरला कॉलेजात यायची. तो परतूरचाच, जिनिंगच्या पलीकडच्या गल्लीतला. त्याचे अब्बा जिनिंगमध्ये फिटर होते. कापसाच्या दिवसांत ते घरी यायचे तेव्हा भुवयांवरसुद्धा कापूस असायचा, असं तो हसून सांगायचा. आमची ओळख झाली ती फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला. आम्हाला मिळालेल्या मीटरचा काटा अडकला होता. सर म्हणाले, मागच्या वर्षीच्या जर्नलमधून आकडे उतरवा आणि मोकळे व्हा. सगळ्यांनी उतरवले, मीही उतरवले. मुजीबनं मात्र खिशातून छोटा पेचकस काढला आणि मीटर उघडायला घेतला. सर ओरडले. हा अगदी शांतपणे म्हणाला, “सर, काटा अडकून राह्यला. मंग खोटं कसं लिहू?” त्याला वर्गाबाहेर काढलं. माझ्या जर्नलवर सही झाली, त्याच्या झाली नाही. बाहेर व्हरांड्यात मी त्याला म्हणाले, “उतरवलं असतंस तर काय बिघडलं असतं?” तो म्हणाला, “काही न्हाई. पण मीटर तसाच राह्यला असता ना.” पुढच्या पंचवीस वर्षांत मी त्याला हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत राहिले, आणि त्याचं उत्तर थोड्याफार फरकानं तेच राहिलं.

जालन्याला इंजिनिअरिंग केलं आणि पुण्यातल्या एकाच कंपनीत दोघांची निवड झाली. तेव्हा सॉफ्टवेअर म्हणजे आमच्या घरांना आभाळाला हात टेकल्यासारखं होतं. प्रशिक्षण संपल्यावर कुणी बँकेच्या कामात गेलं, कुणी मोबाईलच्या. अमेरिकेच्या मध्यभागातल्या एका राज्यातलं एक काम मात्र कुणालाच नको होतं. आजारी माणसांना घरी ऑक्सिजनची यंत्रं आणि सिलिंडर पोचवणारी ती कंपनी. तिचा सगळा कारभार चाळीसेक वर्षांपूर्वी लिहिलेल्या प्रोग्रामवर चालायचा. त्या प्रोग्रामची जुनी भाषा शिकून पुढे नोकरी मिळणार नाही म्हणून सगळे पळत होते. मुजीबनं ते मागून घेतलं. मी त्याला वेड्यात काढलं तर म्हणाला, “जुनं हाय, पण चालून राह्यलं ना? ज्यानं लिहिलं त्याला काहीतरी बराबर कळत होतं. ते काय होतं ते बघू.” आणि तो खरोखर बघत बसला… पंधरा वर्षं. त्या प्रोग्रामच्या हजारो ओळींतली कुठली कशासाठी आहे हे तिकडच्या लोकांना माहीत नव्हतं, पण त्याला माहीत होतं. तिकडच्या कार्यालयात कॅरल नावाच्या बाई होत्या, त्याही तितक्याच जुन्या. त्यांचा फोन आला की हा आपल्या संथ, परतुरी वळणाच्या इंग्रजीत उत्तरं द्यायचा, आणि पलीकडून कधीच ‘पुन्हा सांगा’ असं यायचं नाही.

तो फार गोड माणूस होता असं मात्र कुणी समजू नये. मीटिंगला उशिरा यायचा, कॅमेरा लावायचा नाही, दुसऱ्यानं लिहिलेलं काम आवडलं तरी तोंडातून चांगला शब्द काढायचा नाही. माझ्या हाताखालच्या एका मुलीला त्यानं सगळ्यांसमोर “हे तुम्ही वाचून लिहिलं की न वाचता?” असं विचारलं आणि ती नोकरी सोडायला निघाली. मी त्याच्याशी आठवडाभर बोलले नाही. आठव्या दिवशी त्यानं तिची माफी मागितली, पण माझ्याकडे येऊन म्हणाला, “न वाचताच लिहिलं होतं पण.” मी व्यवस्थापनाकडे गेले, पायऱ्या चढत गेले, दोन वर्षं अमेरिकेत राहून आले. त्यालाही संधी आली होती, व्हिसाचा शिक्का पासपोर्टवर बसला होता. ऐन वेळी अब्बांना पक्षाघात झाला आणि त्यानं नकार कळवला. मी चिडले. “कुणीतरी बघंल ना त्यांना, सहा महिन्यांचा प्रश्न आहे,” असं म्हणाले. तो म्हणाला, “कुणीतरी म्हणजे कोण, वैशाली?”

पुढे टाळेबंदीत सगळे आपापल्या गावी गेले आणि घरून कामं सुरू झाली. बाकीचे नंतर परत आले, मुजीब आला नाही. अब्बा गेले होते आणि अम्मींना एकटं ठेवणं शक्य नव्हतं. त्यानं कंपनीला सुचवलं की मला इथेच राहू द्या, मी इथलीच मुलं शिकवून तयार करतो. मी तेव्हा त्या कामाची प्रमुख झाले होते. मी जोर लावला आणि मंजुरी आणली. माझ्या हातून झालेल्या चांगल्या गोष्टी मोजक्या आहेत, त्यातली ही एक. परतूरच्या मोंढ्याजवळ, म्हणजे धान्याच्या बाजारालगत, बी-बियाण्याच्या दुकानावरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. सात जण. माझ्याच गावची अश्विनी, अंगणवाडीताईंची मुलगी. जांबच्या मंदिराबाहेर नारळाचं दुकान असलेल्यांचा गणेश. बाकीचे परतूर, घनसावंगीकडचे. खालून खताचा वास, बाजाराच्या दिवशी हमालांचा आरडाओरडा, आणि वर ही मुलं अमेरिकेतल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी सिलिंडर कधी पोचायला हवा याची गणितं सांभाळत बसलेली. अश्विनीची आई एकदा मला आमच्या गावच्या आठवडी बाजारात भेटली. म्हणाली, “पोरगी सकाळी जाती अन् दिवस मावळायला घरी येती, अन् काम अमेरिकेचं करती. मला तर अजून खरं वाटंना.” मी अभिमानानं फुलले होते. आम्ही काहीतरी कायमचं उभं केलं, असं मला वाटलं होतं. मूर्ख होते.

मग तिकडच्या बातम्या येऊ लागल्या. आधी मालावरचं आयात शुल्क. ते आपल्याला लागू नाही, आपण माल विकत नाही, असं आमचे साहेब सांगायचे. पण आमच्या त्या कंपनीची ऑक्सिजनची यंत्रं बाहेरच्या देशांतून यायची. ती महागली आणि तिनं दुसरीकडून काटकसर सुरू केली. दुसरीकडून म्हणजे आमच्याकडून. मग व्हिसाचं शुल्क वाढलं. मग बाहेरच्या देशांत काम देणाऱ्यांवरही कर बसणार अशी कुजबुज. तो बसणार की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण नुसत्या कुजबुजीनं करार लांबणीवर पडू लागले. मी दर सोमवारी परतूरला फोन करून सांगायचे, ‘अजून काही ठरलं नाही.’ किती महिने सांगितलं! एकदा मुजीब म्हणाला, “तिकडं कोणीतरी सकाळी उठून काहीतरी बोलतं, अन् इकडं अश्विनीचं लग्न पुढं ढकलतात. हे बराबर हाय का?” मी म्हणाले, मी काय करू. तो म्हणाला, “तुला न्हाई म्हणून राह्यलो. तुला सांगून राह्यलो फक्त.”

आणि त्यातच ते एआयचं साधन आलं. करार टिकवायचा असेल तर जुना प्रोग्राम या साधनाकडून नव्या भाषेत लिहून घ्या, माणसं कमी करा, अशी अट आली. आम्ही मान्य केली. दुसरी कंपनी मान्य करायला दारात उभीच होती. साधनाला शिकवायचं कुणी? अर्थात मुजीबनं. जे जे ठाऊक आहे ते सगळं लिहून द्या, असा आदेश निघाला. आमच्याकडे अशा गोष्टींना गोंडस नावं असतात, याला ‘ज्ञानसंपदा प्रकल्प’ म्हणत. माझ्या ओळखीतले कितीतरी जण अशा वेळी अर्धं सांगतात, अर्धं पोटात ठेवतात. मीही त्याला सुचवलं, आडून नाही, सरळ. “इतकं बारीक कशाला लिहून देतोस? आपल्याच हातानं आपली जागा रिकामी करून राह्यलास तू.” तो म्हणाला, “अर्धवट शिकवलं तर ते अर्धवटच करंल. अन् त्याचा त्रास मला न्हाई होणार, तिकडच्या म्हातारीला होईल.” मी फोनवर ओरडले, “तुला त्या म्हातारीची पडलीय, तुझ्या पोरीची न्हाई?” तो म्हणाला, “दोघींची हाय. म्हणूनच अवघड जाऊन राह्यलं.” तीन महिने तो लिहीत होता.

साधनानं काम झपाट्यानं केलं, हे खरं आहे आणि ते मान्य करायला हवं. आम्हाला दोन वर्षं लागली असती ते काही आठवड्यांत झालं. मुजीब आणि अश्विनी ते तपासत होते. एका जागी साधनानं शेरा मारला होता: ‘वापरात नसलेला भाग काढून टाकला.’ तो भाग काय होता, हे सोपं आहे. तिकडे हिवाळ्यात मोठं हिमवादळ येणार असा इशारा आला, तर लांबच्या काही गावांतल्या रुग्णांना दोन दिवस आधीच जास्तीचा सिलिंडर पाठवायचा. कारण घरातलं ऑक्सिजनचं यंत्र विजेवर चालतं. वादळात वीज जाते, रस्ते बंद होतात. कुणीतरी कधीतरी, बहुधा काहीतरी वाईट घडल्यावर, ती ओळ लिहून ठेवली होती. गेले तीन हिवाळे सौम्य गेले म्हणून ती चाललीच नव्हती, आणि साधनानं तिला अडगळ ठरवलं. मुजीबनं मला मेल लिहिला. त्याच्या सवयीप्रमाणे दोनच वाक्यं: ‘हा भाग परत घाला. काढला तर माणूस मरू शकतो.’

मी तो मेल साहेबांकडे घेऊन गेले. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, “आपण अशा भाषेत लिहिलं तर त्यांना काय वाटेल? नोकऱ्या वाचवायला खोट काढतायत असंच वाटेल. आत्ता, करार सहीला असताना?” मला ते पटलं… म्हणजे पटवून घेतलं. मी ते दोन वाक्यांचं पत्र बदललं. सूचनांची एक लांबलचक यादी तयार केली आणि तिच्यात सतराव्या क्रमांकावर लिहिलं: ‘हवामानविषयक जुन्या भागाचा सवडीनं पुन्हा आढावा घेता येईल.’ सवडीनं! हा शब्द मी स्वतः निवडला. यादी पाठवून दिली आणि मुजीबला सांगितलं, कळवलंय.

त्यानं आठ दिवस वाट पाहिली. मग सगळे नियम बाजूला सारून थेट कॅरलबाईंना फोन लावला. बाईंना तो भाग आठवत होता. त्यांनी त्याच दिवशी तो परत घालायला लावला आणि मुजीबचे आभार मानणारं पत्र सगळ्या वरिष्ठांना पाठवलं. त्या पत्रानंच घात केला. आमच्या लोकांना मुजीबनं काय वाचवलं ते दिसलं नाही, मला न विचारता, आम्हाला डावलून त्यानं फोन केला एवढंच दिसलं. त्याला लेखी समज देण्यात आली. ती समज देणाऱ्या पत्रावर सही माझी होती. दोनच महिन्यांनी करार निम्म्याहून कमी झाला, आणि काय बंद करायचं याच्या यादीत परतूरचं नाव सगळ्यात वर गेलं. मी भांडले का? भांडले. पण जितकं भांडून स्वतःची खुर्ची हलणार नाही, तितकंच. पुढे कळलं की त्याच महिन्यात कॅरलबाईंनाही घरी बसवलं होतं. म्हणजे ज्यांना आम्ही ‘तिकडचे’ म्हणून शिव्या घालत होतो, तिथलंही आमच्यासारखंच एक माणूस त्याच वरवंट्याखाली आलं होतं. आता भांडायचं कुणाशी, सांगा.

मुजीबनं पहिले दोन महिने स्वतःसाठी काहीच केलं नाही. सातही मुलांचे अर्ज लिहून देणं, ओळखीपाळखी काढून फोन करणं, हेच चाललं होतं. चार जण पुण्या-संभाजीनगरला लागले. गणेश जांबला परतला आणि दुकानात बसू लागला. उरलेल्या दोघांचं काही जमलं नाही. मग यानं अर्ज करायला सुरुवात केली. बेचाळिसाव्या वर्षी, जुन्या भाषेतला अनुभव घेऊन. एका कंपनीनं मुलाखतीला बोलावलं. म्हणजे एक लिंक पाठवली. पलीकडे माणूस नव्हताच. पडद्यावर प्रश्न यायचा आणि दीड मिनिटात उत्तर द्यायचं. मशीन ते ऐकून गुण देणार. मुजीब बोलण्याआधी विचार करणारा माणूस. पहिल्या प्रश्नाला त्याचं पहिलं वाक्य पुरं होईपर्यंत वेळ संपली. ‘तुमचं सर्वात मोठं बलस्थान कोणतं?’ असा प्रश्न होता. मुलाखत संपल्यावर पाचव्या मिनिटाला नकाराचा मेल आला. त्यानं मला फोन करून सांगितलं आणि तो हसत होता. “म्हणालं, तुमच्या भवितव्यासाठी शुभेच्छा. मशीननं दुवा दिली, वैशाली. मी काय म्हणू, आमीन म्हणू का?” मला हसू आलं नाही. ती मुलाखत घेणारं साधन आमच्याच कंपनीनं विकलेलं असण्याची शक्यता होती. मी शोधून पाहिलं नाही. धीर झाला नाही.

दिवाळीत मी गावी आले तेव्हा त्याला भेटायला परतूरला गेले. तीच शेवटची भेट. एका उर्दू शाळेत तो मुलींना कॉम्प्युटर शिकवायला जाऊ लागला होता. अम्मी आत झोपल्या होत्या, त्याच्या बायकोनं, शाहीनभाभींनी, शिरखुर्मा केला होता, ईद नसताना, माझ्यासाठी. मी घरून चकल्या नेल्या होत्या. तो बारीक झाला होता, पण तब्येत बिलकुल ठीक आहे म्हणाला. मी कितीतरी दिवस मनात घोळवून आणलेलं बोलायला सुरुवात केली. “मुजीब, तो तुझा मेल…” त्यानं वाटी खाली ठेवली. “बदलला होता. मला माहीत हाय. कॅरलबाईंनी यादी वाचून दाखवली होती फोनवर. सतरा नंबर.” मी म्हणाले, “मंग बोलला का न्हाईस? वर्ष होत आलं.” तो म्हणाला, “बोलून काय झालं असतं? तू अजून वाईट वाटून घेतलं असतं, अन् कंपनीत राह्यलेल्यांपैकी ओळखीची तू एकच होतीस.” मी रडकुंडीला आले. “शिवी तरी दे ना मला.” तो वैतागला. खरंच वैतागला, आवाज चढला त्याचा. “काय शिवी देऊ? तुझ्या जागेवर दुसरी असती तर तिनं यादीत सतरावं पण लिहिलं नसतं. पण तू लिहायला पायजे होतं बराबर. एक नंबरला. तुला कळत होतं. मला राग त्याचाच येतो, तुला कळत होतं.” भाभींनी चहा आणला. निघताना तो बस स्टँडपर्यंत सोडायला आला आणि वाटेत फक्त कापसाच्या भावाबद्दल बोलला.

जानेवारीत तिकडे वादळ आलं. कित्येक वर्षांत आलं नव्हतं असं. मी ऑफिसात बसून, काही कारण नसताना, त्या आठवड्याच्या पाठवणीच्या याद्या उघडल्या. वादळाच्या दोन दिवस आधी लांबच्या गावांतल्या घरांना जास्तीचे सिलिंडर गेले होते. नवा प्रोग्राम, जुनी ओळ. तिथल्या कुणाला यात काही विशेष वाटलं नसावं. माल गेला, पोचला. मी मुजीबला फोन केला. तो शाळेतून नुकताच आला होता. मी सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, “सगळीकडं पोचले?” मी म्हणाले, “सगळीकडे. सह्या आहेत.” “बरं झालं,” म्हणाला. थोड्या वेळानं, “रस्ते उघडले का आता?” मी म्हणाले, उघडत असतील. मी साहेबांनाही सांगितलं, लेखी. यादीतला शब्द मीच बदलला होता आणि समजेचं पत्र मागे घेतलं पाहिजे, असं लिहिलं. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: संबंधित कर्मचारी आता सेवेत नसल्यानं कार्यवाहीची आवश्यकता नाही. ते पत्र अजून तसंच आहे, त्याच्या नावाच्या फायलीत, माझ्या सहीचं. यानंतर पाच आठवड्यांनी, एका सकाळी, शाळेत जायला तयार होऊन चहा पीत असताना तो भिंतीला टेकला. शाहीनभाभींना वाटलं डुलकी लागली. दवाखाना चार मिनिटांवर होता.

हृदयविकार, असं डॉक्टरांनी लिहिलं. त्याच्या अब्बांनाही रक्तदाबाचा त्रास होता, म्हणजे घराण्यातच असेल. मला कुणावर आरोप करायचा नाही. करायला कुणी सापडतही नाही. अमेरिकेतल्या कुणा पुढाऱ्याला परतूर माहीत नाही. साधनाला माणूस माहीत नाही. साहेबांना वरच्या साहेबांचं ऐकावं लागतं. प्रत्येकाकडे कारण आहे, प्रत्येकाचं कारण खरं आहे, आणि सगळ्या खऱ्या कारणांची मिळून जी गोष्ट तयार होते तिच्यात एक बेचाळीस वर्षांचा हुशार माणूस बिनकामाचा ठरतो. हे मला अजिबात पटत नाही. एवढंच मला म्हणता येतं.

गेल्या आठवड्यात मुजीबच्या चाळिसाव्याला, चाळीस दिवसांच्या दुवेला, मी परतूरला गेले. पाहुणे जेवून गेल्यावर शाहीनभाभींनी मला आतल्या खोलीत नेलं. तिथे खिडकीखाली त्याचं टेबल आहे. त्यांनी लोखंडी कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात शाळेच्या, दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याच्या वह्या रचून ठेवल्या होत्या. अकरा. “ताई, साधनासाठी जे इंग्रजीत लिहून पाठवायचे, ते आधी ह्यात लिहायचे. मराठीत. ह्या कंपनीच्या आहेत का? जमा करायच्या असतील तर घेऊन जा.” मी एक उघडली. प्रत्येक पानावर डाव्या कडेला दोन मथळे, खाली रेघ मारून: ‘काय करतं’ आणि ‘कुणासाठी’. हजारो ओळींच्या त्या प्रोग्रामचा एकेक तुकडा एकेका पानावर. मधलंच एक पान मी वाचलं. ‘काय करतं : पेशंट मयत झाला की त्याचं नाव पत्रांच्या यादीतून काढतं. कुणासाठी : घरच्यांसाठी.’ कंपनीच्या नियमानं हे सगळं कंपनीच्या मालकीचं आहे. मी स्वतः तशा कागदांवर सह्या घेत आले आहे, त्याचीही घेतली होती. “न्हाई भाभी,” मी म्हणाले, “कुणाच्या न्हाईत. तुमच्याच आहेत. कुणी मागितल्या तर मला फोन करा, मी बघते.” त्या म्हणाल्या, “मागायला येणार कोण, ताई,” आणि वह्या परत रचू लागल्या.

शेवटची, अकरावी, त्यांनी बाहेरच ठेवली. “ही झोया वापरून राह्यली. निम्मी कोरी होती.” झोया त्यांची मुलगी, सहावीत आहे. ती दारात उभी राहून आमच्याकडे पाहत होती. मी पानं उलटली. मुजीबचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर एका पानावर थांबलं होतं आणि पुढच्या पानापासून पेन्सिलीनं काढलेली शाळेची गणितं सुरू झाली होती. डाव्या कडेला, खाली रेघ मारून, तिनंही तेच दोन मथळे लिहिले होते. ‘काय करतं : दोन गाड्या कधी भेटतात ते काढतं. कुणासाठी : देशमुख सरांसाठी.’ पुढच्या पानावरचं गणित अपूर्णांकांचं होतं. तिथं ‘कुणासाठी’च्या पुढे आधी ‘सरांसाठी’ लिहून खोडलं होतं, आणि बाजूला काहीच लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं, “हे का गं खोडलं?” ती म्हणाली, “अजून कळलं न्हाई. कळल्यावर लिहीन.” आणि वही घेऊन टेबलापाशी जाऊन बसली.